ओव्हलसमोरच्या आमच्या इमारतीचा इतिहास जमवताना

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या दर्शनी भागातील दोन गॅलऱ्यांच्या छज्जांचा गिलावा निखळला आणि आतल्या गंजलेल्या सळया उघड्या पडल्या. भाडेकरू आणि मालक यांचे एरवी फारसे एकमत होत नाही, पण दुरुस्ती करायची यावर ते झाले. इमारत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला, महर्षी कर्वे मार्गावर आहे. मैदानाच्या पूर्वेकडील उच्च न्यायालय, विद्यापीठ आदी गॉथिक वास्तू आणि पश्चिमेकडील व मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको, म्हणजे १९३० च्या आसपासच्या आधुनिक शैलीतल्या, इमारती अशा एकूण ९४ वास्तूंचा समूह ३० जून २०१८ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यामुळे आमच्याकडे साधा गिलावा करायचा झाला, तरी महापालिकेच्या वारसा समितीपुढे, म्हणजे सगळे जिला हेरिटेज कमिटी म्हणतात तिच्यापुढे, प्रस्ताव ठेवावा लागतो.

आम्ही नेमलेल्या संवर्धन वास्तुविशारद बाईंनी पहिल्याच बैठकीत मूळ नकाशे, बांधकामाचे वर्ष, आराखडा करणाऱ्याचे नाव, नंतर झालेले फेरफार आणि जुनी छायाचित्रे मागितली. मी नुकतीच बँकेतून निवृत्त झाले होते, म्हणून हे काम माझ्याकडे आले. यातले काहीही एका ठिकाणी मिळत नाही, हे मला त्या वेळी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. जुन्या इमारतीत राहणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून जे जसे घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

ऑक्टोबरमध्ये सुरुवात घरातूनच केली. इमारतीत दोन गोष्टी परंपरेने सांगितल्या जात होत्या. एक म्हणजे ती १९२८ सालची आहे, आणि दुसरी म्हणजे तिचा आराखडा जी. बी. म्हात्रे यांनी केला. म्हात्रे हे त्या पिढीतले फार मोठे नाव. याच ओळीतील एम्प्रेस कोर्ट आणि मरीन ड्राइव्हवरील सूना महाल या इमारती त्यांच्याच. असा पूर्वज आपल्यालाही असावा असे वाटणे स्वाभाविक आहे, पण कागदाचा एक तुकडाही कोणाकडे नव्हता. प्रत्यक्षात जे मिळाले ते वेगळेच होते. पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे त्यांच्या आजोबांच्या नावच्या भाडेपावत्यांचा दोऱ्याने बांधलेला गठ्ठा होता आणि त्यातली सर्वांत जुनी पावती मे १९३९ ची होती. तिच्यावर रस्त्याचे नाव अर्थातच क्वीन्स रोड असे होते. जुना कागद शोधणाऱ्याने आपल्या रस्त्याची जुनी नावे आधीच लिहून ठेवावीत, कारण सूचीत महर्षी कर्वे मार्ग शोधून १९४० पूर्वीचे काहीही हाती लागत नाही. मरीन ड्राइव्हच्या मागच्या गल्ल्यांबाबत तर रस्त्याच्या नावाऐवजी बॅकबे रेक्लमेशनचा (समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीचा) ब्लॉक आणि भूखंड क्रमांकच पत्ता म्हणून लिहिलेला आढळतो.

आमच्या लिफ्टमन काकांनी दुसरा धागा दिला. ते रत्नागिरीकडचे, चाळीसएक वर्षे या लिफ्टवर आहेत. मी काय शोधते आहे हे कळल्यावर म्हणाले, "ताई, कागद कशाला धुंडाळताय? आधी वर मशीनरूममध्ये चला. तिथली पाटी कोणी वाचलेलीच नाही." पाटीवर मोटारीचा क्रमांक आणि बनावटीचे वर्ष होते, १९३७. यंत्र बनल्याचे वर्ष म्हणजे इमारत उभी राहिल्याचे वर्ष नव्हे, पण १९२८ च्या गोष्टीला त्याने पहिला तडा दिला. मुंबई इलाख्यात लिफ्टसाठी १९३९ साली स्वतंत्र कायदा झाला आणि परवाने देणे सुरू झाले, त्यामुळे जुन्या इमारतींच्या बाबतीत लिफ्टचा परवाना हाही एक विसरलेला पण उपयुक्त पुरावा ठरतो. आमच्या मालकांच्या कपाटात तो सापडला.

तिसरा पुरावा आमच्या कराच्या बिलावर होता आणि तो आम्ही दर वर्षी पाहत होतो. मुंबई शहरातील भाडेकरूंच्या जुन्या इमारतींवर १९६९ च्या कायद्यानुसार दुरुस्ती उपकर, म्हणजे बोलण्यातला सेस, बसतो. त्यासाठी इमारतींचे तीन प्रवर्ग केलेले आहेत. 'अ' प्रवर्ग १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारतींचा, 'ब' त्यापुढे १९५० अखेरपर्यंतच्या, आणि 'क' १९५१ पासून सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या इमारतींचा. आमची इमारत 'अ' प्रवर्गात आहे. आपल्या इमारतीचे वय अजिबातच माहीत नसेल तर सुरुवात या अक्षरापासून करावी, त्याला खर्च शून्य येतो.

नोव्हेंबरमध्ये मालमत्ता पत्रकासाठी जुन्या कस्टम हाउसच्या आवारात गेले. तिथे पत्ता किंवा इमारतीचे नाव चालत नाही. भूमापन क्रमांक, ज्याला सर्वजण सी. एस. नंबर म्हणतात, आणि विभागाचे नाव लागते, आणि हे दोन्ही करनिर्धारणाच्या जुन्या उताऱ्यावर मिळतात. पत्रक फार मोठे नव्हते, पण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. जमीन मालकाची नव्हती, सरकारकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतलेली होती, आणि पट्ट्याची नोंद १९३५ सालची होती. १९३५ साली ज्याला मोकळा भूखंड मिळाला त्याची इमारत १९२८ साली उभी असणे शक्य नव्हते. ही बातमी मी इमारतीच्या बैठकीत सांगितली तेव्हा काही जणांना ती पटली नाही. सात वर्षांनी तरुण झालेली इमारत कमी मोलाची ठरेल अशी त्यांना भीती वाटत असावी.

त्यानंतर महापालिकेकडील मूळ नकाशे. शहर विभागाच्या इमारत प्रस्ताव खात्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज केला. शुल्क दहा रुपये, कोर्ट फी स्टँप लावून भरता येते. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत असावा लागतो, म्हणून नकाशे, पूर्णत्वाचा दाखला आणि पहिले करनिर्धारण यांसाठी मी वेगवेगळे अर्ज केले आणि तसेच करावे असे माझे मत आहे, कारण एका अर्जातला एक भाग नाकारला गेला की बाकीचेही रेंगाळते. 'इमारतीची सर्व माहिती द्यावी' असे मोघम लिहू नये, 'अमुक सी. एस. क्रमांकावरील १९३५ ते १९४० या काळातील मंजूर नकाशांची प्रत' असे नेमके लिहावे. आणखी एक गोष्ट म्हणजे प्रतींऐवजी आधी अभिलेखाची पाहणी मागावी. पाहणीचा पहिला तास विनामूल्य असतो, आणि आपल्याला हवा तो कागद कोणता हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.

एका कार्यालयाने तीस दिवसांची मुदत उलटून गेल्यावर 'अभिलेख उपलब्ध नाही' असे एका ओळीत कळवले. त्या उत्तराने मी खरोखर खचले, कारण तेवढ्यात जानेवारी उजाडला होता आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत परांची बांधण्याची सर्वांना घाई होती. बँकेत एवढी वर्षे काढल्यामुळे मला एवढे माहीत होते, की 'उपलब्ध नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'या कपाटात नाही' असा असतो. वीस रुपयांचा स्टँप लावून प्रथम अपील केले. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि जुने अभिलेख दुसऱ्या ठिकाणी हलवले आहेत, तिथे शोध घ्यावा असा आदेश दिला. मार्चमध्ये नकाशे निघाले. कापडाच्या पाठीचे, घडीच्या रेषांवर फाटलेले, पण निळ्या शाईतले शिक्के स्पष्ट असलेले. मंजुरी फेब्रुवारी १९३६ ची होती. लहान पानांना दोन रुपये प्रतिपान आणि मोठ्या नकाशांना प्रत्यक्ष खर्च असा दर लागला. सगळे मिळून काही शेकड्यांत काम झाले.

नकाशावर म्हात्र्यांची सही नव्हती. ती त्याच पिढीतल्या, पण फारशी प्रसिद्धी न मिळालेल्या एका भारतीय वास्तुविशारदाची होती. सूना महालचे नाव घेऊन जे आजवर पाहुण्यांना इमारत दाखवत आले होते, त्यांना हे सांगणे नकाशे मिळवण्यापेक्षा कठीण गेले. मला स्वतःला मात्र आनंदच झाला. त्या दशकातील मुंबईचा हा चेहरा दोनचार नामवंतांनी घडवलेला नाही. इथेच शिकलेल्या, १९२९ पासूनच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे सभासद असलेल्या, सिमेंट कॉन्क्रीट या नव्या साहित्याने काय काय करता येते हे अजमावणाऱ्या कितीतरी जणांनी तो घडवला, आणि त्यातल्या बहुतेकांच्या नावाचा उल्लेख कुठे येत नाही.

नकाशे वाचायला वास्तुविशारद बाईंनी शिकवले. खिडक्यांवरून सलग फिरणारे छज्जे, कोपऱ्यावरची गोलाई, जहाजाच्या कठड्यासारखे आडव्या नळ्यांचे कठडे आणि जिन्याच्या उभ्या पट्ट्यातली काच हे सगळे मुळातले निघाले. गच्चीवरची एक खोली आणि मागच्या बाजूच्या बंद केलेल्या गॅलऱ्या मात्र नंतरच्या होत्या. तळमजल्याच्या प्रवेशदालनातल्या पिवळ्या-काळ्या टेराझो लाद्यांचा नमुना नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला होता. प्रत्येक घरात स्वयंपाकघराला लागून नोकरांसाठी वेगळा जिना आणि आतच न्हाणीघर-शौचालय होते. चाळीतला सामाईक नळ आणि सामाईक संडास पाहिलेल्या त्या काळच्या मध्यमवर्गाला याचे किती अप्रूप वाटले असेल, ते पुढे जाहिराती वाचताना कळले.

एप्रिल आणि मे हे दोन महिने काळा घोड्याला, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात गेले. या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग हाच. ओळखपत्र आणि कामाचे कारण सांगणारा अर्ज द्यावा लागतो, पेन आत चालत नाही, पेन्सिल न्यावी. सूची पाहून मागणीपत्र भरायचे आणि नस्ती, म्हणजे फाइल, येण्याची वाट पाहायची. त्यामुळे सकाळी उघडताच पोहोचावे आणि एका वेळी एकाहून अधिक मागण्या द्याव्यात, म्हणजे एक नस्ती रिकामी निघाली तर दिवस वाया जात नाही. जाड काचेचे भिंग मात्र आपल्या पर्समध्ये असावे.

आमच्या इमारतीचा उल्लेख तिथे फार थोडा सापडला, पण ती ज्या जमिनीवर उभी आहे तिची हकिगत सापडली. ओव्हलच्या पश्चिमेला पूर्वी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे (आजच्या पश्चिम रेल्वेचे) कुलाब्यापर्यंत जाणारे रूळ होते आणि त्यांच्यापलीकडे समुद्र होता. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, खास विकास खाते स्थापन करून बॅक बेमध्ये भराव टाकण्याची प्रचंड योजना हाती घेतली गेली. आखणी आठ ब्लॉकची होती. समुद्रतळाचा गाळ यंत्राने उपसून भिंतीच्या आत टाकायचा असे ठरले होते, पण गाळ अपेक्षेइतका निघेना, जो टाकला तो भिंतीतून वाहून जाऊ लागला आणि खर्च मात्र वाढत गेला. काँग्रेसचे नेते वीर नरीमन यांनी कायदेमंडळात आणि वर्तमानपत्रांतून यावर इतके रान उठवले, की खात्यातल्या हार्वी नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. त्यातून नरीमन निर्दोष सुटले. शेवटी आठांपैकी पहिला, दुसरा, सातवा आणि आठवा एवढेच ब्लॉक पुरे झाले. आज चर्चगेटहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याच नरीमन यांचे नाव आहे, याची गंमत त्या नस्त्या वाचल्यावर अधिक कळते.

कुलाब्याचे स्थानक १९३० च्या अखेरीस बंद झाले आणि गाड्या चर्चगेटलाच थांबू लागल्या. म्हणजे आज आमची इमारत आहे त्याच पट्ट्यातून १९२८ साली गाड्या धावत होत्या. ही एकच गोष्ट आधी कळली असती तर जुन्या तारखेचा वाद बैठकीत इतका लांबला नसता. भरावाची जमीन सरकारची, त्यामुळे तिथे बांधणाऱ्यांवर उंचीच्या आणि दर्शनी भागाच्या अटी होत्या. मैदानातून पाहिले तर सगळी ओळ एका उंचीत दिसते, ते या अटींमुळे.

जूनमध्ये पावसाने घर सोडणे कठीण केले, तेव्हा ग्रंथालयांकडे वळले. एशियाटिक सोसायटीत जुनी वर्तमानपत्रे पाहिली आणि एका वास्तुकला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, प्राचार्यांची परवानगी घेऊन, १९३४ पासून निघू लागलेले वास्तुविशारदांचे नियतकालिक चाळले. 'भाड्याने देणे' या सदरात आमच्या इमारतीची जाहिरात १९३८ च्या सप्टेंबरमध्ये आढळली. लिफ्ट, गरम पाण्याची सोय, समुद्राचा वारा. पहिल्या करनिर्धारणाची नोंद माहितीच्या अधिकारात मागितली होती, ती १९३८-३९ ची आली. तारखा जुळल्या. १९३५ ला भूखंड, १९३६ ला मंजुरी, १९३८ ला वस्ती.

अहवालात 'नंतरचे फेरफार' असे एक प्रकरण लागते आणि ते लिहिताना आमच्याच घराची नस्ती उपयोगी पडली. स्वातंत्र्यानंतर मुंबईत जागेची विलक्षण टंचाई होती आणि १९४८ च्या अधिग्रहण कायद्याखाली सरकार रिकाम्या झालेल्या सदनिका ताब्यात घेऊन आपल्या कर्मचाऱ्यांना आणि गरजूंना देत असे. माझ्या आजोबांना, जे सचिवालयात होते, आमची जागा १९५२ साली अशीच मिळाली. एरवी या ओळीत मराठी कुटुंब यायचे फारसे कारण नव्हते. पुढे कायद्यात बदल होऊन अशा रहिवाशांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. अधिग्रहणाच्या आदेशाला जोडलेल्या यादीत खोल्या, दारे, खिडक्यांच्या काचा, पंख्यांचे हूक, अगदी न्हाणीघरातल्या खुंट्यांपर्यंत सर्व नोंदलेले होते, त्यामुळे १९५२ साली मागची गॅलरी उघडीच होती हे सिद्ध करता आले. ज्यांची घरे अशी मिळालेली आहेत त्यांनी तो आदेश आणि ती यादी जपून ठेवावी. आमच्याकडे ती आजीच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली होती.

छायाचित्रांच्या बाबतीत मात्र फारसे यश आले नाही. सर्वांना घरातले जुने अल्बम पाहायला सांगितले तर लग्नांचे आणि मुंजींचे फोटो निघाले. पण त्यातल्या एकात, गच्चीवर उभ्या असलेल्या वऱ्हाडाच्या मागे, मूळ कठडा पूर्ण दिसत होता. इमारतीचा म्हणून काढलेला फोटो मिळत नसेल तर माणसांच्या फोटोंची पार्श्वभूमी पाहावी.

सप्टेंबर २०२३ मध्ये अहवाल पुरा झाला. प्रस्ताव समितीपुढे जायला आणखी थांबावे लागले, मध्ये दोन शंका आल्या, त्यांची उत्तरे दिली. वारसा यादीतील श्रेणीप्रमाणे अटी बदलतात. पहिल्या श्रेणीत बदलाला जवळजवळ वाव नसतो, खालच्या श्रेणींत आतल्या फेरफारांना थोडी मोकळीक असते. तेव्हा आपली इमारत स्वतंत्रपणे यादीत आहे की केवळ परिसराचा भाग म्हणून, हे आधीच पाहून ठेवावे. आम्हाला फेब्रुवारी २०२४ मध्ये परवानगी मिळाली. छज्जांची जाडी आणि गोलाई नकाशाप्रमाणे ठेवणे, कठड्याच्या नळ्या बदलून स्टीलच्या चकचकीत पट्ट्या न बसवणे आणि रंगाचा नमुना भिंतीवर लावून दाखवणे, अशा अटी होत्या. नकाशे हाती नसते तर गोलाईचे माप कशावरून धरायचे याचे उत्तर आमच्याकडे नव्हते, आणि कंत्राटदाराने सरळ कोपरा सुचवला होताच. तो त्याला स्वस्त पडला असता.

अहवाल तयार करण्याचा माझा स्वतःचा खर्च प्रती, स्टँप, प्रवास आणि छायाचित्रांचे स्कॅन मिळून चार हजारांच्या आसपास गेला. वास्तुविशारद बाईंचे शुल्क अर्थातच वेगळे आणि ते मालक व भाडेकरूंनी वाटून घेतले. सर्व कागदांची एक प्रत मालकांकडे, एक भाडेकरू संघाच्या कपाटात आणि एक स्कॅन करून प्रत्येक घरी दिली आहे. फाटके मूळ कागद चिकटपट्टीने जोडू नयेत, असे पुराभिलेखागारातल्या एका कर्मचाऱ्याने बजावले होते. ते शेजाऱ्यांना सांगेपर्यंत भाडेपावत्यांपैकी काहींना ती लागून गेली होती.

परांची उतरल्यावर प्रवेशदालनात वर्ष आणि वास्तुविशारदाचे नाव असलेला लहान पितळी फलक लावावा असे ठरले. वर्ष १९३६ घालावे की १९३८ यावर बैठकीत पुन्हा चर्चा झाली आणि लोक राहायला आले ते वर्ष घालावे यावर बहुमत झाले. फलक लावायलाही समितीची परवानगी लागते. तो अर्ज, नकाशावरील सहीच्या प्रतीसह, मागच्या आठवड्यात दिला आहे.